रागाला समेपर्यंत येऊ द्या : शास्त्रीय संगीत वाहिनीस खुले पत्र

शास्त्रीय संगीत वाहिनीचे कार्यक्रम प्रमुख, कार्यक्रम अधिकारी आणि उद्घोषक यांस,

स. न. वि. वि.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले, आता संध्याकाळी घरीच दहा-बारा मुलामुलींना गाणे शिकवते. आपली रेडिओ वाहिनी आमच्याकडे सकाळी सहाला लागते आणि रात्री आप्पांना झोप लागली की बंद होते. आप्पा म्हणजे माझे वडील, वय ८६. त्यांनी जन्मभर तबला वाजवला, तोही बहुतेक गाणाऱ्यांच्या साथीला. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणेही जवळपास गेले. ऐकू मात्र सगळे येते आणि समजतेही. त्यामुळे आपली वाहिनी ही आमच्या घरात नुसती करमणूक नाही. आप्पांचा दिवस तिच्यावर चालतो.

गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारचे सांगते. संध्याकाळचे साडेसहा झाले होते, शिकवणीची मुले नुकतीच गेली होती. आपण पूरिया राग लावलात. विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल, ताल तिलवाडा. गायक आमच्याच ग्वाल्हेर परंपरेतले, आधी बंदिशीचा स्थायी-अंतरा स्वच्छ मांडून मग बहलाव्याकडे, म्हणजे संथ स्वरविस्ताराकडे वळणारे. आप्पांनी माझ्याकडे मान वळवून भुवया उंचावल्या. तबल्यावर कोण, असे ते विचारत होते. हात ओळखीचा वाटला असणार. मला सांगता येईना, कारण आपण नाव सांगितलेच नव्हते. ‘शेवटी सांगतील, आप्पा,’ असे मी म्हटले.

मग त्यांनी डाव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या मुळाशी टेकवला. एका बोटावर मोजायच्या चार जागा : मूळ, मधले दोन सांधे आणि टोक. चार बोटांच्या सोळा. तिलवाड्याच्या मात्राही सोळाच. आवर्तनामागून आवर्तन, म्हणजे तालाच्या फेऱ्यामागून फेरा, तो अंगठा तर्जनीपासून करंगळीपर्यंत जायचा आणि समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, पुन्हा तर्जनीच्या मुळाशी यायचा. आता एवढाच त्यांचा ठेका उरला आहे.

पंधराएक मिनिटे झाली असतील. गायकाने समेकडे नेणारा मुखडा उचलला, अंगठा करंगळीच्या मुळाशी, म्हणजे तेराव्या मात्रेवर आला, आणि तेवढ्यात आपली जिंगल वाजली. गाण्याच्या दुप्पट आवाजात. तिच्यामागून पुढच्या एका कार्यक्रमाची जाहिरात, मग आणखी एक. त्या संपल्या, पण पूरिया परत आला नाही. सतार सुरू झाली, राग दुसरा, कलाकार दुसरा. तबलजींचे नावही आले नाही. आप्पांचा अंगठा करंगळीवरच होता. मी स्पीकर बंद केला तरी तिथेच होता. शेवटी मी त्यांचा हात माझ्या हातात घेतला.

त्या दिवसापासून मी वही ठेवली आहे. काय लागले, कधी लागले, कुठे तुटले, कुणाचे नाव सांगितले, कुणाचे नाही. पुढे जे लिहिते आहे ते त्या वहीतले आहे. हेच पत्र हिंदीत करून आपल्या पत्त्यावर पाठवले आहे. मराठीत जाहीर लिहिते, कारण इंदूर, बडोदा, पुणे, नागपूर, बेळगाव इथे बसून आपली वाहिनी ऐकणारी आणि मनातल्या मनात हेच म्हणणारी पुष्कळ माणसे मला माहीत आहेत.

सगळ्यात मोठे गाऱ्हाणे मध्येच तोडण्याचे. बातम्यांची वेळ झाली की राग तुटतो, तासाचा ठोका पडला की तुटतो, वाहिनीची ओळख सांगायची म्हणून तुटतो. बातम्या हव्यात, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. जाहिरातींशिवाय वाहिनी चालत नाही हेही कळते. पण विलंबिताचे एक आवर्तन म्हणजे काय, हे ज्या यंत्रावर आपण वेळापत्रक भरता त्याला कुणीतरी शिकवायला हवे. संथ लयीतल्या एकतालाचे बाराच मात्रांचे एक आवर्तन कधी कधी जवळजवळ मिनिटभर चालते. गायक त्या मिनिटाच्या आत घर बांधत असतो. एखादा स्वर कुठे सोडला, कुठे मुद्दाम टाळला, किती वेळ ताणला, हे सगळे समेवर येऊन पोचल्यावर उमगते. समेच्या आधी तोडलेले आवर्तन हे नव्वद टक्के गाणे नसते. ज्यासाठी ते सगळे रचले तीच जागा आपण कापलेली असते.

वेळ कमी असणे ही काही आजची अडचण नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. अब्दुल करीम खाँ, फैयाझ खाँ यांच्यासारख्या गवयांनी त्या तीन मिनिटांत राग उभा केला आणि तो पुरा करून दाखवला. कारण तीन मिनिटे आहेत हे त्यांना गाण्याआधी ठाऊक होते, आणि तेवढ्याच मापाचे त्यांनी बेतले. आपण मात्र पन्नास मिनिटांचे गाणे घेता आणि बाविसाव्या मिनिटाला कात्री चालवता. आपल्याकडे बावीसच मिनिटे असतील तर बावीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण लावा. आपल्या संग्रहात तशी असणारच. दहा मिनिटांचा तराणा असेल, सात मिनिटांचा टप्पा असेल, असले छोटे गायनप्रकार लावा. बातम्यांना चार मिनिटे उरली तर नुसता तानपुरा ऐकवा. आमची काही तक्रार नाही, मुले त्यावर षड्ज, म्हणजे सा, लावतील.

आणखी एक. गाण्याची सुरुवातही कापली जाते. तानपुरे जुळलेले आहेत, गायक पहिला षड्ज लावतो आहे, आणि त्यावर उद्घोषकांचे बोलणे चालूच असते. उद्घोषक मंडळींबद्दल मला आदर आहे, काहींचे आवाज आम्ही घरच्या माणसासारखे ओळखतो. पण पहिला षड्ज हे पार्श्वसंगीत नाही. मी मुलांना सांगते की गाणाऱ्याचा पहिला सा नीट ऐका, पुढे तो काय करणार याची निम्मी बातमी त्यात असते. आपल्या वाहिनीवर तो सा ऐकायला मिळणे आताशा नशिबाचे झाले आहे.

दुसरे गाऱ्हाणे नावांचे. हे मी साथीदाराची मुलगी म्हणून लिहिते, आणि इथे माझा आवाज थोडा चढला तर समजून घ्या.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी तबकड्यांसाठी गाणी म्हटली, तेव्हा गाणे संपताच त्या स्वतः आपले नाव मोठ्याने उच्चारत. परदेशात तबकडी तयार करणाऱ्यांना लेबलावर कुणाचे नाव घालायचे ते कळावे म्हणून. म्हणजे आपल्याकडे ध्वनिमुद्रण आले त्याच वेळी नाव सांगण्याची रीतही आली. आपण आता मुख्य कलाकाराचे नाव सांगता, राग सांगता, ताल कधी सांगता कधी नाही, आणि तबला, सारंगी, पेटी, तानपुरा यांवर कोण होते ते बहुतेक वेळा सांगतच नाही. विलंबितात पाऊण तास एका लयीत ठेका धरणे, गाणाऱ्याला कुठेही ढळू न देणे, हे किती अवघड आहे ते ज्याने केले त्यालाच कळते. गाणाऱ्याच्या श्वासामागे सावलीसारखी फिरणारी सारंगी, तिच्या मागचा माणूसही माणूसच. अशा किती साथीदारांची छायाचित्रे नाहीत, मुलाखती नाहीत, त्यांच्या नावाने एकही तबकडी नाही. कुठल्याशा गावात त्यांची मुले-नातवंडे आहेत आणि रेडिओवर ते नाव एकदा ऐकायला मिळावे एवढीच त्यांची अपेक्षा आहे. दहा सेकंद लागतात.

तिसरे, रागांच्या वेळा आणि नावे. माझ्या वहीत सकाळी दहाचा मालकंस आहे, भर दुपारचा दरबारी आहे आणि रात्री साडेनऊची तोडी आहे. वेळेचा नियम शास्त्र आहे की संकेत, यावर विद्वानांचे वाद आहेत आणि मी त्यात पडत नाही. दक्षिणेत तो आपल्याइतका पाळत नाहीत हेही मला ठाऊक आहे. पण आमच्या घरात दिवसाचे भान आप्पांना खिडकीतून येत नाही, कानातून येते. भीमपलासी लागला की दुपारचा चहा, यमन लागला की दिवेलागण. हा संकेत शेकडो वर्षे चालत आला आहे, आणि चोवीस तास चालणारी वाहिनी तो जितका सहज पाळू शकते तितका एखादा जलसाही पाळू शकत नाही. जलसे तर बहुतेक संध्याकाळीच होतात. सकाळचे राग प्रत्यक्ष ऐकायची सोय आता राहिली आहे कुठे? ललत, देसकार, जौनपुरी, वृंदावनी सारंग हे ज्या त्या वेळी ऐकायला मिळायचे ते आपल्याकडेच.

नावांच्या चुकांनी मात्र प्रत्यक्ष नुकसान होते. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाही. मारव्याचा जीव रिषभ-धैवतात, पूरियाचा गंधार-निषादात, सोहनी वरच्या सप्तकात खेळणारी. शिकणाऱ्याला हा फरक कळायला वर्षे लागतात आणि तो ऐकूनच कळतो. आपण एका संध्याकाळी पूरिया लावलात आणि त्याला मारवा म्हटलेत. दुसऱ्या दिवशी माझी तेरा वर्षांची विद्यार्थिनी मारव्यात खालचा निषाद घोळवत बसली आणि म्हणाली, ‘ताई, रेडिओवर असाच होता.’ तिचे काय चुकले? माझ्यापेक्षा रेडिओवर तिचा विश्वास जास्त आहे, आणि तो तसा असायला माझी हरकत नाही. त्या विश्वासाला आपण जपावे एवढेच म्हणणे आहे.

चौथे थोडक्यात लिहिते. तीच ती वीस-पंचवीस ध्वनिमुद्रणे फिरून फिरून लागतात. त्यांतली बरीच थोर आहेत, पण थोर गाणेही आठवड्यात तिसऱ्यांदा लागले की कान मिटतो.

यातच आमच्या गावचे एक दुःख आहे. ख्याल ज्या गावात वाढला ते हे गाव. हद्दू खाँ, हस्सू खाँ हे गवई भाऊ इथले. त्यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकायला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे येऊन राहिले आणि ही गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. मिरजेला त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुस्कर तयार झाले. १९१८ साली संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय इथेच उभे राहिले, त्याच्या चार वर्षे आधी इथलेच गवई कृष्णराव शंकर पंडितांनी आपले विद्यालय काढले होते. युनेस्कोने २०२३ साली ग्वाल्हेरला संगीताचे शहर म्हणून मान दिला. आणि आपल्या वाहिनीवर ग्वाल्हेर म्हटले की चार मिनिटांचा तराणा लागतो आणि संपतो. या घराण्याकडे गाण्याचे किती प्रकार : टप्पा आहे, अष्टपदी आहे, चतरंग आहे, ख्यालनुमा आहे. कृष्णराव पंडित १८९३ साली जन्मले आणि १९८९ पर्यंत होते. एवढ्या दीर्घ आयुष्यातले त्यांचे जे काही गाणे जतन झाले असेल त्यातले किती आम्ही ऐकले? माझ्या वहीत या महिन्यात त्यांचे नाव एकदाच आहे, आणि तेही गाणे मध्येच तुटले.

आता कुणी म्हणेल, बाई, इंटरनेटवर सगळे मिळते, हवे ते हवे तेव्हा ऐका, रेडिओचा हट्ट कशाला? याचे उत्तर मी आमच्याच गावच्या एका गोष्टीतून देते. हद्दू-हस्सू खाँ तरुण होते तेव्हा दरबारात बडे मोहम्मद खाँ यांचे गाणे मोठे नावाजलेले होते, पण ते काही या मुलांना शिकवायला तयार नव्हते. तेव्हा महाराजांनी या दोघा भावांना पडद्याआड बसवून ते गाणे ऐकायची सोय केली, आणि ऐकून ऐकून त्यांनी ती तानेची फिरत आत्मसात केली, असे सांगतात. खरी किती, आख्यायिका किती, ते राहू दे. आमच्याकडे प्रत्येक शिकणाऱ्याला ही गोष्ट पहिल्या महिन्यात सांगतात.

ज्यांना गुरू नाही, ज्यांच्या गावात जलसा होत नाही, ज्यांना काय शोधावे हेच माहीत नाही, त्यांच्यासाठी रेडिओ हा तो पडदा आहे. इंटरनेटवर मला जे नाव ठाऊक आहे तेच मी शोधणार. मुरैना-भिंडकडच्या एखाद्या खेड्यातल्या मुलीला टप्पा हा शब्दच ठाऊक नसेल तर ती तो कशी शोधणार? आपण तो लावलात तर तिच्या कानावर पडेल. मीही अशीच शिकले. १९५२ साली सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम शनिवारी रात्री लागायचा. मी लहान असताना आमच्या वाड्यात रेडिओ एकच होता, घरमालकांचा, आणि त्या रात्री तो ओटीवर आणून ठेवत. आम्ही मुले पायरीवर बसायचो. कोण गाते ते समजायचे नाही, पण सुरुवातीला नाव सांगत, साथीदारांची नावे सांगत, आणि मग गाणे संपेपर्यंत मध्ये कुणी बोलत नसे. आप्पा तबलजीचे नाव ऐकून हुंकार देत. त्या हुंकारावरून आम्हांला कळायचे की आज ठेका चांगला असणार.

रेडिओने तेव्हा स्वराचा विचार किती केला होता याचे एक उदाहरण देते. १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी आली, आणि ती पुढे तीसेक वर्षे राहिली. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, निघत नाही, श्रुती, म्हणजे स्वरांमधली बारीक अंतरे, सापडत नाहीत, असे कारण होते. माझी आई पेटीची साथ करायची, तिला हा निर्णय कधीच मान्य झाला नाही आणि मलाही नाही. पण चुकले तरी ती माणसे एका श्रुतीवरून भांडत होती. आज गाणे अर्ध्यात तुटते आणि त्यावर वाहिनीत कुणी कुणाला जाब विचारला असेल असे वाटत नाही.

आमच्या मागण्या या अशा आहेत.

एकदा सुरू झालेले गाणे किंवा वादन समेवर येऊन संपेपर्यंत कोणत्याही कारणाने तोडू नये. जाहिराती, जिंगल, पुढच्या कार्यक्रमांच्या सूचना हे सगळे दोन कलाकारांच्या मध्ये घ्यावे आणि त्यांचा आवाज गाण्याच्या आवाजाएवढाच ठेवावा. एखादी मोठी आपत्ती, तातडीची सूचना असेल तर जरूर थांबवा, आम्ही समजू. मग ते गाणे दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या आधी आणि नंतर राग, ताल, कलाकार आणि सर्व साथीदारांची नावे सांगावीत. नाव नोंदीत नसेल तर ‘नोंद नाही, श्रोत्यांनी ओळखल्यास कळवावे’ असे सांगा. आमच्यासारखी जुनी घरे आहेत अजून, हातावरून माणूस ओळखणारी. आप्पा बोलू शकत नाहीत, पण मी दहा नावे म्हटली तर अकराव्याला मान हलवतील.

रागांच्या वेळा शक्यतो सांभाळाव्यात. श्रावणात मल्हार आणि वसंतात बहार लावायचे सोडू नये.

आठवड्यातून एक तास तरी जुन्या संग्रहातले, सहसा न लागणारे गाणे पूर्ण ऐकवावे. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या दिवसांत तरी तो तास ग्वाल्हेरच्या बुजुर्गांना द्यावा. समारोह सुरू होतो त्या सकाळी हजिरा भागात तानसेनच्या समाधीपाशी हरिकथा आणि मीलाद, म्हणजे पैगंबरांची स्तुती, दोन्ही होतात, आणि आप्पांना आता तिकडे नेता येत नाही.

आठवड्याचा कार्यक्रम आधी जाहीर करावा, आणि पत्र पाठवायला एक टपालाचा पत्ता द्यावा, ज्यावर आलेले पत्र कुणीतरी वाचते. आपले पुष्कळ श्रोते सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना मोबाइलवर टाइप करणे जमत नाही, पण पोस्टकार्डावर चार ओळी लिहायला त्यांचा हात अजून चालतो.

हे वाचणाऱ्या श्रोत्यांना विनंती की आपणही लिहा. रागाने नको. अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक राग इथे तुटला, एवढेच नीट लिहा.

आणि शेवटची मागणी आमच्या घरापुरती आहे. गेल्या महिन्यातल्या त्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला लावलेला तिलवाड्यातला पूरिया पुन्हा एकदा लावा, पुरा. नोंदीत असेल तर तबलजींचे नाव सांगा. दिवस कोणताही चालेल, वेळ तेवढी संध्याकाळचीच ठेवा. त्या वेळी मी आप्पांना उशी लावून बसवते.

आपली,
लष्कर, ग्वाल्हेर येथील एक श्रोती